प्रज्ञेशच्या चुकीचा खुलासा

(वारजे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, रविवारी सकाळी अकराची वेळ. प्रज्ञेशला जाऊन दोन महिने झालेत. त्याचे वडील बाबुराव आणि ऑफिसातली त्याची वरिष्ठ अक्षता जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलेत. आई प्रेमला स्वयंपाकघरात आहे.)

बाबुराव : हे चालायचं नाही. ‘निष्काळजीपणामुळे माहिती बाहेर गेली.’ कुठली माहिती, कशी गेली, कुठून गेली? असला खुलासा माझ्या टेबलावर आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.

अक्षता : पण काका, हे तुम्हीच लिहिलंय.

बाबुराव : म्हणूनच सांगतोय. मला त्यातलं कळत नाही, म्हणून ते असं गुळमुळीत झालंय. तुम्ही त्याच्या वरिष्ठ. तासभर बसा आणि त्याने नेमकं काय केलं ते मला समजावून सांगा. कबूल करायचं तर नीट करावं.

अक्षता : कुणी मागितलाय का तुमच्याकडे? कंपनीने तरी नाही.

बाबुराव : कंपनी कशाला मागेल? कंपनीची फाइल बंद झाली. चौकशीच्या अहवालाची प्रत मी तीन अर्ज करून मिळवली. बावीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि नवव्या पानावर माझ्या मुलाचं नाव. अकराशे माणसांचे लॅबचे रिपोर्ट चव्हाट्यावर आले, त्याला कारण हा एक इसम. तो असता तर त्याने खुलासा दिला असता. तो नाही, तर मी देणार. एकतीस वर्षं उपकोषागारात काढलीत मी, चूक कागदावर न आणता सोडून द्यायची सवय नाही मला.

प्रेमला : अक्षता, चहात साखर घालू ना गं?

अक्षता : अर्धा चमचा, काकू.

प्रेमला : मागल्या रविवारी पण अर्धाच घेतलास. वाळलीस किती. येतेस, बसतेस, काही बोलत नाहीस आणि उठून जातेस. आज जेवूनच जा, मटकीची उसळ केलीय. त्याला आवडायची.

बाबुराव : प्रेमला, आधी काम होऊ दे. हं, सांगा. कंटेनर, कंटेनर असं पानोपानी लिहिलंय. मला बंदरावरचे कंटेनर माहीत आहेत, ते नसावेत.

अक्षता : नाही. म्हणजे, नाव तिथूनच आलंय. आमचं काम रोज सकाळी सहाला सुरू होतं. वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट गोळा करायचे, नीट मांडायचे आणि डॉक्टरांना पाठवायचे. हे करणारा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान आम्ही एका बंद डब्यात भरतो, तो कंटेनर. कुठल्याही मशीनवर डबा उघडला की काम सुरू. काम संपलं की डबा टाकून द्यायचा, दुसऱ्या दिवशी नवा. आणि तो ज्याच्यावरून बनवतात तो साचा, त्याला इमेज म्हणतात. तो मात्र जपून ठेवलेला असतो.

बाबुराव : समजलं. आता पासवर्ड.

अक्षता : लॅबचे रिपोर्ट कुलपात असतात. ते उघडायला पासवर्ड लागतो. तो साच्यात कधीही घालायचा नाही, हा पहिला नियम. कारण साचा दहा ठिकाणी जातो, दहा जण बघतात. पासवर्ड वेगळ्या तिजोरीत ठेवायचा. काम सुरू होताना तिजोरीने तो त्या डब्याच्या हातात द्यायचा आणि काम संपलं की डब्याबरोबर तो पण गेला. कुठेही मागे राहता कामा नये.

बाबुराव : म्हणजे आमची स्ट्रॉंगरूम. दोन कुलपं, दोन माणसांकडे दोन किल्ल्या. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, रजिस्टरवर सह्या करायच्या, संध्याकाळी बंद करून पुन्हा सह्या. किल्ली टेबलावर ठेवून कुणी लघवीला गेला तरी मेमो मिळायचा. माझी किल्ली घरात कुठे असते ते हिला सुद्धा ठाऊक नव्हतं.

प्रेमला : मला नव्हतं, पण प्रज्ञेशला होतं. सहावीत असताना त्याने हुडकून काढली होती. तांदळाच्या डब्यामागे.

बाबुराव : आणि कुणाला सांगितली नाही. मला येऊन हळूच म्हणाला, बाबा, जागा बदला, मला सापडली. अहो मॅडम, मला तेच तर उमगत नाही. अहवालात लिहिलंय की त्याने पासवर्ड साच्यात घातला. ज्या पोराला सहावीत हे कळत होतं त्याला नोकरीची पाच वर्षं झाल्यावर कळू नये?

अक्षता : कळत होतं. टीममध्ये सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं.

बाबुराव : मग का केलं? कारण लिहिल्याशिवाय खुलासा होत नाही.

अक्षता : त्या दिवशी तिजोरी चालत नव्हती. तिची परवानगी संपली होती आणि ती नव्याने देणारा माणूस रजेवर होता. सकाळचं काम दुपारपर्यंत अडकून पडलेलं. लॅबवाले फोनवर फोन करत होते की पेशंट डॉक्टरसमोर बसलाय आणि रिपोर्ट नाही. मग पासवर्ड थेट साच्यातच लिहिला. काम झालं. लगेच पुढच्या ओळीत तो पुसून टाकला.

बाबुराव : पुसला? मग बाहेर कसा गेला?

अक्षता : साचा थराथरांनी बनतो, काका. एक ओळ, एक थर. खालच्या थरात पासवर्ड लिहिला, वरच्या थरात ‘पुसला’ असं लिहिलं. वरून बघणाऱ्याला दिसत नाही, पण खालचा थर तसाच असतो. कुणी थर सुटे केले की पासवर्ड समोर.

बाबुराव : भिंतीवर कोळशाने लिहिलं आणि वरून चुना मारला.

अक्षता : हो. आणि मग तो साचा दुसऱ्या एका कंपनीला वापरायला दिला गेला. तिथून कुणीतरी उकलला. दीड महिन्याने कळलं, तोवर रिपोर्ट व्हॉट्सॅपवर फिरत होते.

बाबुराव : दीड महिना. किल्ली कुणाच्या हाती पडल्याचा संशय आला तर आम्ही त्याच दिवशी कुलूप बदलायचो.

अक्षता : पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलायला हवा होता. तेवढं केलं असतं तरी काही झालं नसतं. पुसलाय म्हणजे गेला, असंच वाटलं.

बाबुराव : थांबा, हे लिहून घेतो. ‘पुसल्यामुळे तो नष्ट झाला अशी समजूत झाली.’ हे बरं आहे, यात नियत वाईट दिसत नाही. शकूबाईंना पण हे सांगता येईल.

अक्षता : कोण शकूबाई?

बाबुराव : तुम्हाला बोलला नाही तो? मला वाटलं ऑफिसात सांगितलं असेल.

प्रेमला : हा घे चहा. शकू मार्केट यार्डात कांदा निवडते, एका गाळ्यावर. तिचा टीबीचा रिपोर्ट यार्डातल्या ग्रुपवर आला. नाव, वय, सगळं. गाळेवाल्याने दुसऱ्या दिवशी यायचं नाही म्हणून सांगितलं. शेजारणी नळावर हंडा लावू देईनात. धाकटी पोरगी बालवाडीत जाते, तिला वेगळं बसवलं.

अक्षता : हे प्रज्ञेशला कसं कळलं?

बाबुराव : अकराशे नावांची यादी करायचं काम त्यालाच दिलं होतं ना, निलंबनाच्या आधी. त्या यादीतल्या कुणाकुणाला फोन येत होते, तक्रारी येत होत्या, त्यात हिची होती. नियमाने त्याने ती यादी ऑफिसाबाहेर वापरायला नको होती. तेही लिहिणार आहे मी. पण तो गेला. पहिल्या दिवशी गेटपाशी उभा राहून परत आला, आत जायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी भेटला. हात जोडून म्हणाला, ताई, हे माझ्यामुळे झालं. त्या बाईने त्याला काय काय ऐकवलं ते तिने मला स्वतः सांगितलं. तो मान खाली घालून उभा होता म्हणे. मग तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. औषध चालू आहे, आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तो कागद गाळेवाल्याला द्यायला गेला.

अक्षता : शनिवारी?

प्रेमला : त्याच शनिवारी. कागद देऊन बाहेर पडला आणि यार्डाच्या गेटपाशी टेम्पोने उडवलं.

अक्षता : मला ऑफिसात कुणी हे सांगितलं नाही. मला वाटलं, कुठेतरी मित्राकडे चालला असेल.

बाबुराव : पोलिसांनी त्याचा मोबाईल दिला, त्यात शेवटचा फोन त्या बाईंचा. मी लावला. त्यांना काही पत्ताच नव्हता. म्हणाल्या, साहेबांना सांगा, मला कामावर घेतलं. मी म्हटलं, सांगतो.

अक्षता : काका.

प्रेमला : अगं, रडू नको. चहा घे. आम्ही रोज रडतो, तू आलीस की जरा बरं वाटतं.

अक्षता : मला बरं वाटून घेऊ नका, काकू. बसा इथे. मी तीन रविवार येतेय, ते हे सांगायला येतेय. दर वेळी जिना चढताना ठरवते आणि तुम्ही दार उघडून ‘आलीस का’ म्हणता, की माझं सगळं अवसान गळतं.

बाबुराव : काय सांगायचंय?

अक्षता : तो खुलासा प्रज्ञेशच्या नावाने लिहू नका. पासवर्ड मी घातला होता.

बाबुराव : नवव्या पानावर त्याचं नाव आहे. तारीख आहे. वेळ आहे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

अक्षता : नाव त्याचं आहे, कारण लॅपटॉप त्याचा होता. त्या दिवशी काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तो एक वाजता हॉस्पिटलला गेला आणि साडेतीनला परत आला. मधल्या वेळात हे सगळं पेटलं होतं आणि अर्धं काम त्याच्या लॅपटॉपवर उघडं पडलेलं. मी त्याला फोन करून लॅपटॉपचा पासवर्ड मागितला. नियमाने मागायचा नसतो, द्यायचाही नसतो. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही आहात म्हणून देतो. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि केलं. संगणकाने नोंद त्याच्या नावावर केली.

प्रेमला : ऑपरेशनच्या दिवशी? तो माझ्याजवळ होता तेव्हा?

अक्षता : हो, काकू.

बाबुराव : आणि त्याला आठवलं नाही की त्या वेळी आपण जागेवर नव्हतो?

अक्षता : दीड महिना उलटला होता. तो दिवस नुसती धावपळ होती, किती वाजता गेला आणि किती वाजता आला ते त्याच्याही ध्यानात नव्हतं. पण एवढं आठवलं की मी त्याच्या लॅपटॉपवर बसले होते. त्याने येऊन विचारलं मला. आरोप म्हणून नाही, अगदी साधं. मॅडम, तुम्हाला काही आठवतंय का त्या दिवशीचं? मी म्हटलं, मी फक्त अडकलेलं काम परत सुरू केलं, बाकी कशाला हात लावला नाही.

बाबुराव : खोटं बोललात.

अक्षता : हो. तोंडातून निघून गेलं. महिनाभरात मला मॅनेजर करणार होते. वाटलं, दोन दिवस जाऊ देत, निवळलं की नीट सांगू, त्याला तंबी देऊन सोडतील. निलंबित करतील असं वाटलं नव्हतं. आणि केलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. भित्री आहे मी, काका. दुसरं काही कारण नाही, हेच आहे.

बाबुराव : चौकशी समितीपुढे त्याने तुमचं नाव घेतलं असेल. अहवालात ते दिसत नाही.

अक्षता : घेतलंच नाही. आत जायच्या आधी मला म्हणाला, तुम्ही लॅपटॉप वापरलात ते सांगत नाही, लॅपटॉपचा पासवर्ड घेतल्याबद्दल तुम्हालाही उगाच त्रास होईल.

प्रेमला : पोरी, एक सांग मला. खरं सांग. त्याला ठाऊक होतं का, की आपण हे केलेलं नाही?

अक्षता : काकू...

बाबुराव : उत्तर द्या तिला. तो त्या बाईपुढे हात जोडून उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात काय होतं?

अक्षता : त्याने मला शेवटी विचारलं होतं. पॅन्ट्रीत, कॉफीच्या मशीनपाशी. म्हणाला, मला आठवत नाही, पण मग मीच केलं असेल ना? मी म्हटलं, असेल. तू त्या दिवशी दमलेला होतास.

प्रेमला : असेल म्हणालीस.

अक्षता : हो.

प्रेमला : आणि त्याने ऐकून घेतलं.

अक्षता : मान हलवली. मग मलाच कॉफी भरून दिली.

प्रेमला : तो तसाच गेला. आपणच वाईट केलं असं समजून गेला माझा बाळ. चार दिवस जेवला नाही धड. पान वाढलं की म्हणायचा, आई, त्या बाईच्या घरी चूल पेटली असेल का गं. मी त्याला काय म्हणाले ठाऊक आहे तुला? मी म्हणाले, चूक केलीस ना, मग जाऊन निस्तर. मीच पाठवला त्याला यार्डात. तू इथे येत होतीस, माझ्या हातचा चहा पीत होतीस, मी तुला वाळलीस म्हणत होते.

अक्षता : मला मारा, काकू. काहीतरी म्हणा.

प्रेमला : काय म्हणू? माझ्या अंगात तेवढा जीव नाही उरला. तू उठू मात्र नको अशी. आता बस आणि हे करतायत ते पूर्ण कर.

बाबुराव : हा माझा कागद रद्द. हा घ्या कोरा. पेन आहे? इथेच बसून लिहा. उद्या ऑफिसला जाऊन लिहीन, मेल करते, हे नको.

अक्षता : नोकरी जाईल माझी. पोलिसात पण देतील कदाचित. सांगत नाहीये सूट मिळावी म्हणून. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय.

बाबुराव : माहीत झालं. लिहा. वरती तारीख. मराठीत लिहा, म्हणजे मला वाचता येईल. इंग्रजी नंतर करा. मी सांगत नाही, तुमच्या शब्दांत लिहा.

अक्षता : ‘अमुक तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, प्रज्ञेश जागेवर नसताना, त्याच्या लॅपटॉपवरून, परिस्थितीच्या दबावाखाली माझ्याकडून...’

बाबुराव : परिस्थिती काढा. ‘माझ्याकडून’ पण काढा. ‘मी’ लिहा.

अक्षता : ‘मी साच्यात पासवर्ड घातला. तो पुसला गेला अशी माझी समजूत होती. पासवर्ड बदलण्याचं काम मी केलं नाही. प्रज्ञेशचा यात काही दोष नाही. त्याने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं.’

बाबुराव : खाली सही. पूर्ण नाव, हुद्दा. दोन प्रती करा. एक कंपनीला, आणि दुसरी मी स्वतः शकूबाईंना वाचून दाखवणार. त्यांना वाचता येत नाही.

अक्षता : मी येऊ तुमच्याबरोबर?

बाबुराव : यावं लागेल. पण आज नको. आज मला तुमच्याबरोबर रस्त्याने चालवणार नाही.

प्रेमला : तुम्हाला पाणी देऊ का?

बाबुराव : नको. बस जरा तू पण.

प्रेमला : कधीपासून बघतेय, तिला लिहायला लावताय आणि माझ्याकडे बघत नाही. काय आहे?

बाबुराव : निलंबनाचं पत्र घेऊन तो घरी आला ना, त्या संध्याकाळी. तू दळणाला गेली होतीस. तो माझ्यासमोर बसला, इथेच, अक्षता बसलीय त्या खुर्चीत. म्हणाला, बाबा, सगळे म्हणतात मी केलं. मला काही आठवत नाही. तुम्ही मला लहानपणापासून बघताय. तुम्हाला वाटतं का, मी असं करीन?

प्रेमला : मला नाही सांगितलंत हे. तुम्ही काय म्हणालात?

बाबुराव : मी त्याच्या हातातलं पत्र बघत होतो. मी विचारलं, नोंदीत नाव कुणाचं आहे?

प्रेमला : आणि तो?

बाबुराव : म्हणाला, माझं आहे, बाबा. आणि उठून आत गेला.